गादी वाचली, तर गुडघा वाचला

पुणे-अहिल्यानगर रस्त्याला चाकणकडून येणारा रस्ता जिथे मिळतो, ते शिक्रापूर. पश्चिमेला सणसवाडी आणि कोरेगाव भीमा, पूर्वेला रांजणगावची एमआयडीसी. मधल्या रस्त्यावर कंटेनर, ट्रेलर आणि पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांच्या दुचाकी रात्रंदिवस धावत असतात. आजूबाजूच्या गावांत कबड्डीचे संघ आहेत, यात्रांचे आखाडे आहेत आणि पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पहाटे पळणारी पोरे आहेत. गुडघ्याचे लिगामेंट तुटायला लागणारे सारे काही इथे आहे: घसरलेली दुचाकी, चढाईत अडकलेला पाय, डाव टाकताना पिळला गेलेला गुडघा. मग पुण्याला जाऊन एमआरआय होतो, दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला मिळतो, आणि घरचे लोक डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात: लिगामेंट नीट बसेल ना? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न गुडघ्यातल्या गादीचा आहे. एसीएल या लिगामेंटची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे नव्या लिगामेंटवरून ठरवण्याआधी गादीचे काय झाले यावरून ठरवले पाहिजे. गादीला धोका ऑपरेशनच्या टेबलावर असतो, हे खरे. पण त्याहून मोठा धोका ऑपरेशनपूर्वीच्या रेंगाळलेल्या महिन्यांत आणि टेबलावर घेतल्या जाणाऱ्या एका निर्णयात असतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मांडीचे हाड खालच्या टोकाला गोलसर असते आणि नडगीचे हाड वरून बरेचसे सपाट. या दोन न जुळणाऱ्या आकारांच्या मध्ये दोन मेनिस्कस, म्हणजे बोलीभाषेतल्या दोन गाद्या, बसलेल्या असतात. आतल्या बाजूची अर्धचंद्रासारखी, बाहेरच्या बाजूची जवळपास पूर्ण गोल. कडेला जाड आणि मध्याकडे पातळ अशी त्यांची घडण असल्याने वरच्या गोल हाडाला बसायला खोलगट जागा मिळते आणि भार पसरतो. पाय सरळ असताना गुडघ्यावरच्या भाराचा साधारण निम्मा वाटा या गाद्यांतून जातो. गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा 85 टक्क्यांच्या आसपास पोचतो. मांडी घालून जेवणारा, उकिडवे बसून भांगलणी करणारा, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणारा समाज गुडघा काटकोनाच्याही पुढे वाकवतो, आणि तेव्हा गादीच्या मागच्या भागावर सर्वाधिक ताण येतो. खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या माणसापेक्षा शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला गादीची गरज अधिक आहे. तरीही तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते ते त्याच्याशीच.

गादीची ही उपेक्षा जुनी आहे आणि तिला वैद्यकशास्त्रही अपवाद नव्हते. 1897 साली ब्रिटिश शल्यचिकित्सक ब्लँड-सटन यांनी मेनिस्कस म्हणजे स्नायूंचे उरलेले निरुपयोगी अवशेष आहेत असे मत नोंदवले. पुढची कित्येक दशके फाटलेली गादी पूर्ण काढून टाकणे हाच उपचार राहिला. रुग्ण लवकर चालू लागत, दुखणे थांबे, डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधानी असत. 1948 साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे बारकाईने तपासले. हाडाची कड वाढलेली, सांध्यातली फट अरुंद झालेली आणि मांडीच्या हाडाचा गोलवा चपटा झालेला त्यांना दिसला. आज ज्याला आपण गुडघ्याची झीज म्हणतो, तिची ही सुरुवात होती. गादी गेल्याची किंमत लगेच मोजावी लागत नाही, ती दहा-पंधरा वर्षांनी मोजावी लागते, हा त्यातला धडा आहे. विशीत खेळताना गुडघा मोडलेल्या मुलाला ती किंमत पस्तिशी-चाळिशीत, ऐन कमाईच्या वयात चुकवावी लागते. तोवर ऑपरेशनची फाईलही हरवलेली असते, त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही.

आता लिगामेंट आणि गादी यांचे नाते पाहू. एसीएलचे मुख्य काम नडगीला पुढे सरकू न देणे हे आहे. ते तुटले की नडगी पुढे घसरू लागते, आणि तिला अडवण्याचे काम आतल्या गादीच्या मागच्या जाड भागावर येऊन पडते. बैलगाडी उतारावर सुटू नये म्हणून चाकाखाली दगड लावतात, तसा तो भाग प्रत्येक हिसक्याला नडगीखाली सापडतो. पण तो दगड नाही, जिवंत ऊती आहे, आणि या कामासाठी ती बनलेली नाही. म्हणूनच ताज्या दुखापतीत बाहेरची गादी अधिक वेळा फाटलेली आढळते, तर महिनोन्महिने तसाच वापरलेल्या गुडघ्यात आतली गादी फाटलेली आढळते. दुखापत ते ऑपरेशन हा काळ लांबत जातो तसे आतल्या गादीच्या फाटण्याचे प्रमाण वाढते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. इतकेच नव्हे, तर उशिरा सापडलेली गादी शिवण्याजोगी राहण्याची शक्यताही कमी होते. गुडघा एकदा निसटला की तो फक्त दुखत नाही. प्रत्येक निसटण्यात गादीचा थोडा हिस्सा जाऊ शकतो.

ऑपरेशनच्या टेबलावरचा धोका त्याखालोखाल येतो. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण त्याची कारणे शरीररचनेतच आहेत. या शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या कंडरेसारखी एखादी कंडरा घेऊन तिचे नवे लिगामेंट बनवतात. ते ओवण्यासाठी नडगीतून आणि मांडीच्या हाडातून ड्रिलने बोगदे पाडतात, त्यांची रुंदी साधारण सात ते दहा मिलिमीटर असते. नडगीतला बोगदा जिथे वर निघायला हवा, ती लिगामेंटची मूळ जागा. आणि बाहेरच्या गादीचे पुढचे मूळ नेमके तिथेच, काही अंशी तिच्याखालीच रुजलेले असते. अमेरिकेतल्या लाप्राड आणि सहकाऱ्यांनी 2014 साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या प्रयोगात योग्य जागी पाडलेल्या बोगद्यानेही या मुळाची हाडावरची पकड कमी होते, असे दिसून आले. म्हणजे हा केवळ निष्काळजीपणाचा प्रश्न नाही. बोगदा थोडा बाहेर किंवा पुढे सरकला, गरजेपेक्षा रुंद झाला, तर धोका वाढतो; जागा, कोन आणि रुंदी नेमकी राखली तर तो घटतो. दुर्बीण आणि हत्यारे आत नेण्यासाठी पुढून ज्या चिरा देतात, त्यांपैकी आतल्या बाजूची चीर फार खाली गेली तर आतल्या गादीच्या पुढच्या भागाला इजा होऊ शकते. अनुभवी शल्यचिकित्सक आधी सुई घालून जागा पाहतात, मग पाते चालवतात, ते यासाठीच.

याखेरीज दोन धोके असे आहेत की ज्यांत हत्यार गादीला लागतच नाही. पहिला, जे पाहायला हवे ते न पाहण्याचा. आतल्या गादीचा मागचा काठ सांध्याच्या आवरणाला जिथे जोडलेला असतो, तिथली फाट एमआरआयमध्ये बरेचदा दिसत नाही आणि समोरून घातलेल्या दुर्बिणीतूनही झाकलेली राहते. एसीएल तुटलेल्या साधारण चार ते सहा रुग्णांमागे एकात ही फाट असते. तिच्यासाठी दुर्बीण गुडघ्याच्या मागच्या कप्प्यात नेऊन मुद्दाम पाहावे लागते. न पाहता नवे लिगामेंट बसवले, तर अस्थिरतेचे एक कारण आतच राहते आणि त्याचा ताण नव्या लिगामेंटवर पडतो. दुसरा धोका निर्णयाचा. फाटलेली गादी शिवायची की कापून काढायची, हे भूल दिल्यावर ठरते. कापणे सोपे, कमी वेळाचे आणि कमी खर्चाचे. शिवणे किचकट, वेळखाऊ आणि महाग टाक्यांचे. गादीच्या बाहेरच्या काठालाच रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळपास नसतो, त्यामुळे प्रत्येक फाट शिवता येत नाही हे खरे. पण शिवता येण्याजोगी फाट सोयीसाठी कापली गेली, तर ती इजा ड्रिल चुकल्याने झालेल्या इजेपेक्षा लहान ठरत नाही. मुळापासून सुटलेली गादी तशीच सोडली, तर ती जागेवर दिसली तरी भार पेलत नाही. यांत्रिक दृष्ट्या ती काढून टाकल्यासारखीच असते.

या धोक्यांची वाच्यता रुग्णापुढे करू नये, असा आक्षेप काही डॉक्टर मनापासून घेतात. ग्रामीण रुग्ण आधीच ऑपरेशनला घाबरतो. बोगदा, मूळ, फाट असे काही ऐकले की तो मालिश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाईल, सहा महिने घालवेल आणि गादी कायमची गमावून परत येईल. भीती निराधार नाही, पण तिचे उत्तर मौनात नाही. धोका सांगायचा तर तो पूर्ण सांगायला हवा: ऑपरेशनमध्ये गादीला इजा होण्याची शक्यता आहे, आणि निसटणारा गुडघा तसाच वापरत राहण्यात ती त्याहून बरीच मोठी आहे. ही दोन वाक्ये एकत्र ऐकलेला माणूस ऑपरेशनपासून पळत नाही, दिरंगाईपासून सावध होतो. शिवाय हा केवळ सौजन्याचा मुद्दा नाही. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी दिलेली संमती ही पुढच्या उपचाराची संमती होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर भुलेखालच्या रुग्णावर परस्पर वेगळी शस्त्रक्रिया करता येत नाही, असे स्पष्ट केले. गादी शिवणे की कापणे हा प्रश्न या ऑपरेशनमध्ये इतक्या वेळा उभा राहतो की तो अनपेक्षित म्हणता येणार नाही. मग त्यावरचे बोलणे भूल देण्यापूर्वी, रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला कळेल अशा मराठीत का होऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो पोटाशी जोडलेला आहे. शिवलेल्या गादीला बरे व्हायला वेळ लागतो. काही आठवडे कुबड्या, चार-सहा महिने उकिडवे बसणे आणि ओझे उचलणे बंद. एवढे करूनही पाच वर्षांहून पुढे पाहिले तर चार-पाच रुग्णांमागे एकाचे टाके निकामी ठरतात. रोजंदारीवरच्या किंवा ठेकेदाराकडच्या कामगाराला हे परवडेल कसे? कापून टाका आणि कामावर पाठवा, हे त्याच्या दृष्टीने व्यवहार्य नाही का? एकटी गादी फाटली असती तर या युक्तिवादात बळ असते. पण लिगामेंट बसवलेल्या माणसाला तसेही लगेच जड कामावर जाता येत नाही. खेळाकडे परतायला तर निदान नऊ महिने द्यावेत, त्याआधी परतल्यास पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण वाढते, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. विश्रांती घ्यायचीच आहे, मग तिच्यात गादीही बरी करून घेणे हाच शहाणपणाचा हिशेब. त्यातही लिगामेंटच्या ऑपरेशनसोबत शिवलेली गादी एकट्याने शिवलेल्या गादीपेक्षा चांगली जुळते, कारण हाडातल्या बोगद्यांतून आलेले रक्त आणि मज्जेतल्या पेशी तिला भरून यायला मदत करतात, असे मानले जाते. गादी शिवण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया 1883 साली एडिंबरोमध्ये थॉमस अनॅन्डेल यांनी केली, आणि तो रुग्ण खाणकामगार होता. श्रमिकासाठी शिवण ही चैन आहे, हे म्हणणे इतिहासालाही धरून नाही.

उरतो मजुरीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर शल्यचिकित्सकाने द्यायचे नाही, व्यवस्थेने द्यायचे आहे. कामगार राज्य विमा योजनेत महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळू शकतो, आणि ठेकेदाराकडचे कामगारही तिच्या कक्षेत येतात. अट अशी की वर्गणी नियमित भरलेली हवी. सहा महिन्यांच्या कालावधीत किमान 78 दिवसांची. सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यातल्या एखाद्या कामगाराची गादी वाचणे हे काही वेळा दुर्बिणीपेक्षा ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकावर अवलंबून असते, हे कटू असले तरी नाकारण्याजोगे नाही. म्हणून गादीचा प्रश्न हा कामगार संघटनांचा, ग्रामपंचायतींचा आणि कारखान्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचाही प्रश्न आहे. पैसा नाही म्हणून आज कापलेली गादी उद्या त्याच कामगाराला काम सोडायला लावते, आणि तेव्हाचा खर्च त्याच्या मुलांच्या शिक्षणातून निघतो.

तिसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, चपळ रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांत आणि आधी फिजिओथेरपी करून गरज पडली तरच ऑपरेशन केलेल्यांत दोन वर्षांनी फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या सुमारे साठ टक्के जणांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायलाच हवा, आणि फिजिओथेरपीला कमी लेखण्याची सवय आपण सोडायला हवी. पण त्या चाचणीतली फिजिओथेरपी शिस्तीची, देखरेखीखालची होती, आणि गुडघा निसटत राहिला तर ऑपरेशनचा दरवाजा उघडा होता. उलट 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 316 रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचा गुडघा बराच काळ अस्थिर होता त्यांच्यात केवळ व्यायामापेक्षा ऑपरेशन सरस ठरले. दोन्हींचा मिळून अर्थ असा निघतो की ऑपरेशन आणि फिजिओथेरपी हे दोन्ही मार्ग उपचाराचे आहेत. आपल्याकडे धोका आहे तो तिसऱ्या गटाला: ज्याने ऑपरेशनही केले नाही, व्यायामही केला नाही, गुडघ्याला पट्टा बांधला, सूज उतरल्यावर दुचाकीला किक मारली आणि पुढच्या यात्रेत पुन्हा आखाड्यात उतरला. गादीचा सर्वाधिक नाश तिथे होतो, आणि परदेशातल्या कोणत्याही चाचणीत त्याचा गट धरलेला नसतो.

याचा अर्थ दुखापतीच्या दुसऱ्याच दिवशी टेबलावर जावे असाही नाही. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केले तर तो कायमचा ताठरण्याचा धोका असतो, हे 1991 पासूनच्या अभ्यासांनी दाखवले आहे. सूज उतरावी, पाय पूर्ण सरळ व्हावा, मांडीचा स्नायू पुन्हा जागा व्हावा, यासाठी काही आठवडे थांबणे योग्यच. अपवाद गादीचा तुकडा मध्ये अडकून गुडघा लॉक झालेला असेल त्याचा. त्याने थांबू नये. थांबणे आणि रेंगाळणे यांत फरक आहे: थांबताना रुग्ण तयारी करत असतो आणि पुढची तारीख ठरलेली असते. विनेश फोगाटच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत झाली आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तालमीतल्या पोरांना त्यातली शस्त्रक्रिया आणि कुस्ती दिसते. मधले वर्षभर रोज केलेले व्यायाम दिसत नाहीत. ते दाखवण्याचे काम वस्तादांनी आणि प्रशिक्षकांनी करायचे आहे.

करण्याजोगे बरेचसे पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नसून शिक्रापूरसारख्या गावातच आहे. गुडघा पिळला, आत 'कट' असा आवाज जाणवला आणि काही तासांतच तो फुगला, तर आत रक्त साठल्याची दाट शक्यता असते, आणि अशा गुडघ्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांत एसीएल तुटलेले असू शकते. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसले नाही म्हणजे काही झाले नाही, हा समज पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणि मैदानावरच्या प्रशिक्षकांनी मोडून काढला पाहिजे. गुडघा निसटतो, अडकतो, जिना उतरताना दगा देतो, ही लक्षणे असलेल्या माणसाचे मालिशने भले होत नाही. ऑपरेशनला जाणाऱ्याने तीन गोष्टी आधी विचाराव्यात: गादी फाटलेली सापडली तर शिवाल की कापाल, मागचा कप्पा पाहाल का, आणि टाके घालावे लागले तर वाढीव खर्च व विश्रांती किती. ऑपरेशननंतर मिळणाऱ्या कागदावर नव्या लिगामेंटच्या तपशिलाइतक्याच स्पष्टपणे दोन्ही गाद्यांची स्थिती लिहिलेली असावी: काय दिसले, काय केले, किती ठेवले. हा एक परिच्छेद लिहायला डॉक्टरांना पाच मिनिटे लागतात, पण वीस वर्षांनी गुडघा दुखू लागेल तेव्हा पुढच्या डॉक्टरांना तोच सर्वांत उपयोगी पडेल.

तुटलेले लिगामेंट शरीरातल्याच दुसऱ्या कंडरेतून नवे बनवता येते, आणि तेही तुटले तर पुन्हा बनवता येते. गादीच्या बाबतीत तशी सोय नाही. दात्याची गादी बसवण्याची शस्त्रक्रिया जगात होते, पण ती मोजक्या ठिकाणी, मोजक्या रुग्णांसाठी. शिरूर तालुक्यातल्या कामगाराने तिच्या भरवशावर आपली गादी गमवावी असे कोणी म्हणणार नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी जपायचे, आणि जे नव्याने करता येते ते त्याच्या रक्षणासाठी करायचे, हाच या शस्त्रक्रियेचा योग्य क्रम आहे. रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी, डॉक्टरांनी आणि कामगाराला विश्रांती देणाऱ्या व्यवस्थेने हा क्रम मान्य केला, तर लिगामेंटचे प्रत्येक ऑपरेशन गादी वाचवण्याचे ऑपरेशन होईल. विशीतल्या मुलाला साठीपर्यंत स्वतःच्या गुडघ्यावर उकिडवे बसता यावे, एवढे माफक आणि एवढे मोठे उद्दिष्ट त्यातून साधता येईल.